कडेच्या ओळी

सासूबाई : …आणि बोलताना खाली बघायचं नाही. मान वर, आवाज स्वच्छ. ‘हा वाण विषाणूला बळी पडत नाही,’ एवढं एकच वाक्य. तेवढ्यानं तुझी जीभ झिजणार नाही.

सून : तेवढं एकच वाक्य मला म्हणता येणार नाही, आई. बाकीचं सगळं म्हणते. साल पातळ आहे म्हणते, शिजतो लवकर म्हणते, शीतगृहात टिकतो म्हणते.

सासूबाई : भाजीवालीचं काम मी तुला सांगितलेलं नाही. प्रयोगशाळा तुझ्या हाती आहे, तेव्हा प्रयोगशाळेनं बोलायचं. उद्या वाणाच्या कार्यक्रमाला ज्या खुर्च्या भरतील, त्यांवर बसणारी माणसं वर्षानुवर्षं डोळे मिटून ह्या घरचं बेणं नेत आली आहेत.

सून : म्हणूनच.

सासूबाई : ‘म्हणूनच’ काय? वाक्य पुरं करायची सवय लाव.

सून : म्हणूनच त्यांना खोटं सांगवत नाही. सत्तेचाळीसमध्ये ते जनुक नाही.

सासूबाई : त्याला सत्तेचाळीस म्हणू नकोस. कालपासून त्याला नाव आहे.

सून : तुमच्या मुलाचं नाव आहे. माझ्या नवऱ्याचं. शीतगृहातल्या प्रत्येक पोत्यावर ते निळ्या शाईत छापलेलं आहे, आणि मला ते बघवत नाही. का बघवत नाही, तेवढं एकदा शांतपणे ऐकून घ्या.

सासूबाई : ऐकते. ह्या खोलीत माणसांना बसायला काही आहे, की यंत्रांनीच सगळ्या जागा धरल्या आहेत?

सून : ही घ्या खुर्ची. थांबा, त्यावरचा ट्रे उचलते.

सासूबाई : बोल. पण मला बटाट्याची वंशावळ शिकवू नकोस. तू ह्या घरात आलीस त्याच्या किती तरी आधीपासून माझ्या नखांत ही माती आहे.

सून : वंशावळ तुम्हाला ठाऊकच आहे. त्या रानटी जातीशी ह्यांनी संकर केला, तो एवढ्याचसाठी की तिच्यात एक जनुक होतं. ते ज्या झाडात असेल त्याला मोझॅकचा रोग होत नाही. पानात विषाणू शिरला तरी तिथल्या तिथे मरतो. पण संकरातून आलेल्या प्रत्येक रोपात ते उतरत नाही. निम्म्यांत येतं, निम्म्यांत येत नाही.

सासूबाई : आणि कोणात आलं ते तुझं यंत्र सांगतं.

सून : मार्कर सांगतो. रोप हाताच्या बोटाएवढं असतानाच पानाचा टिकलीएवढा तुकडा घ्यायचा, त्यातून डीएनए काढायचा, आणि बघायचं की यंत्रात मार्करची पट्टी दिसते की नाही. पट्टी दिसली तर ठेवायचं, नाही दिसली तर टाकायचं. नाही तर एकेक रोप वाढवून, आजारी पाडून बघण्यात जन्म जाईल.

सासूबाई : माझा गेलाच की.

सून : तुमचा रोगाला दूर ठेवण्यात गेला. रोग अंगावर घेऊन उभा राहणारा वाण तुम्ही काढला नाहीत, आई. ते ह्यांना काढायचं होतं.

सासूबाई : आणि त्यानं काढला. तुझ्या यंत्राला पट्टी दिसली नाही, हा यंत्राचा दोष. तूच एकदा जेवताना सांगितलं होतंस, मी विसरलेली नाही. मार्कर म्हणजे जनुक नव्हे, जनुकाच्या घराशेजारचं झाड. झाड दिसलं की घर जवळच आहे असं धरायचं. खरं ना?

सून : खरं.

सासूबाई : मग एखाद्यानं झाड तोडलं म्हणून घर पडतं का?

सून : नाही पडत. असं होऊ शकतं. मार्कर निसटतो आणि जनुक मागे राहतं. हजारात एखाद्या वेळी होतं. तुम्ही हे आज म्हणताय. मी तीन वर्षांपूर्वी हेच म्हटलं होतं, आणि तीन वर्षं तेच शोधत बसले. पट्टी नाही आणि शेतात रोगही नाही, म्हणजे सत्तेचाळीसमध्ये दुसरं काही तरी असणार. नवं जनुक असणार. ह्यांच्या हातून नकळत काही तरी मोठं घडून गेलं असणार. दुसऱ्या प्रयोगशाळांतल्या लोकांना मी हे सांगत सुटले. ते मान हलवायचे. ती मान कशी हलते ते मला आता कळतं.

सासूबाई : कशी हलते?

सून : विधवेपुढे हलते तशी.

सासूबाई : … मग शोध अजून. सापडेल.

सून : सापडणार नाही. ती खिडकीतली कुंडी बघा. तो सत्तेचाळीसच आहे. रोगट पानांचा रस काढून मी त्याच्या पानांवर चोळला. थोड्याच दिवसांत पानं चट्ट्याचट्ट्यांची झाली, कडा मुरडल्या. एका कुंडीत नाही, सगळ्या कुंड्यांत. आतमध्ये काही नाही, आई. जुनं नाही, नवं नाही. अगदी साधा, देखणा, कुठल्याही रोगाला दार उघडून देणारा बटाटा आहे तो.

सासूबाई : कुंडीत कोंडलं तर माणूससुद्धा आजारी पडतं. शेतातलं सांग. अख्खा हंगाम तो उघड्यावर उभा होता आणि पानावर डाग नव्हता. हे तू स्वतः मोजलं आहेस, मी नव्हे.

सून : मोजलं आहे. तेच तर मला कळत नाही.

सासूबाई : तुला कळत नाही ते खोटं, हा कुठला न्याय?

सून : कळत नाही म्हणून मी गप्प राहिले. आता कुंडी बोलते आहे, तिला गप्प कशी करू?

सासूबाई : तुला पहिल्यापासून हा वाण नको होता. टाकाऊच्या खोक्यात तूच टाकलास. तिथून त्यानं तो स्वतःच्या हातानं उचलला. माझ्यासमोर. तळहातावर धरला आणि म्हणाला, ‘आई, बघ कसला देखणा आहे.’ मी ते विसरू? त्याच्या मागे त्याचं नाव लावणारं ह्या घरात दुसरं आहे कोण?

सून : हे वाक्य केव्हा येतंय त्याची मी वाट बघत होते.

सासूबाई : मी तुला बोल लावलेला नाही.

सून : लावायची गरज कुठे असते? तुम्ही नुसतं पाळण्याच्या जागेकडे बघितलं तरी मला ऐकू येतं.

धाकटा : आत येऊ का? दोघींचा आवाज पॅकिंग शेडपर्यंत येतोय. कामगार मशीन बंद करून ऐकतायत, म्हणून म्हटलं आपणच जावं.

सासूबाई : त्यांना काम नसेल तर काम दे.

धाकटा : काम संपलं, आई. शेवटचा लॉट शिवून झाला. दादाच्या नावाच्या पोत्यांचा असा ढीग लागलाय म्हणून सांगू! स्टेजच्या मागे तीच रचतो, बॅनरचा खर्च वाचेल. वहिनी, घसा कोरडा पडलाय. तुमच्या ह्या फ्रीजमध्ये पाण्याची बाटली आहे का?

सून : तो उघडू नका, भाऊजी. त्यात रोग आहे.

धाकटा : म्हणजे?

सून : विषाणू लागलेल्या पानांचा रस. बाटल्यांत भरून ठेवलाय.

धाकटा : वा! लोकांच्या फ्रीजमध्ये सरबत, आमच्या फ्रीजमध्ये मोझॅक. बरं, उद्याचं भाषण बसलं का?

सासूबाई : तुझ्या वहिनी उद्या बोलणार नाहीत. त्यांच्या मते तुझ्या भावाचा बटाटा पोकळ आहे.

धाकटा : आता? वहिनी, असं नका करू. निम्मा माल बुक झालाय. आणि खरं सांगू का, माझ्या ह्या डोळ्यांनी मी बघितलंय. बेणं वाढवायला लावलं त्या शेतातही एक पान पिवळं नव्हतं. तीन वर्षं! बाजूच्या प्लॉटमध्ये लोक व्हायरसनं रडत होते आणि आपला सत्तेचाळीस हिरवागार.

सासूबाई : नाव घे त्याचं.

धाकटा : चुकलो. दादाचा वाण हिरवागार.

सून : भाऊजी, त्या शेतात रोज कोण फिरायचं?

धाकटा : कोण म्हणजे? आई. आईशिवाय आपल्याकडे पान हलतं का? पहाटे उठून, काठी घेऊन, पदर खोचून… आई, आई, काय करतेस?

सून : हात मागे घ्या, आई. ते रोप उपटू नका.

सासूबाई : हं? … मी कुठे उपटते आहे?

सून : बुंध्याला धरलंत तुम्ही. चाचणीची कुंडी आहे ती. मला तिची अजून गरज आहे.

सासूबाई : सवय आहे, दुसरं काय. रोगट झाड समोर उभं असलं की माझा हात मला विचारत नाही. चाळीस वर्षं बेणं विकलं ते ह्याच हातावर. सूर्य मावळताना माझ्या शेतात आजारी झाड उभं राहिलेलं कोणी दाखवावं, आणि ही काठी घेऊन मला मारावं.

सून : तुमच्या शेतात.

सासूबाई : माझ्या, म्हणजे ह्या घराच्या.

सून : कालव्यापलीकडच्या चाचणीच्या तुकड्यातसुद्धा?

सासूबाई : त्याच्या तुकड्यात मी जात नसे. तुला ठाऊक आहे. त्यानंच सांगितलं होतं, ‘आई, त्या तुकड्यात तू पाऊल टाकायचं नाहीस.’ आईला! हसत म्हणाला, पण म्हणाला. मी टाकलं नाही. तो असेतो टाकलं नाही.

सून : आणि ते गेल्यानंतर?

सासूबाई : तो गेल्यावर मला अडवणारं कोण होतं?

सून : त्याच हंगामात? चाचणी उभी होती त्या हंगामात?

सासूबाई : मग काय करायचं होतं मी? तू माहेरी जाऊन पडलीस. हा पोरगा फोन घेऊन बाजारात. मुकादमाला सगळं मोकळं रान. मी पलीकडे जाऊन बघते तर काय, माझ्या मुलाच्या शेताची कशी दशा! मधली झाडं तेवढी बरी, पण कडेच्या ओळींत नुसती घाण माजलेली. पानं चट्ट्यांनी भरलेली, झाडं खुरटलेली, त्यांवर माव्याची कीड बुजबुजलेली. मालक गेला की शेत असं अनाथ होतं. त्याच दिवशी खाली बसले आणि हातानं उपटायला सुरुवात केली.

सून : कडेच्या ओळी.

सासूबाई : सगळ्या. एका दिवसाचं काम नव्हतं. रोज थोडं थोडं. खड्ड्यात टाकून जाळलं. मजुरांना हात लावू दिला नाही. त्याच्या शेतात रोग राहिला असता तर मी त्याची आई कशाची? … काय झालं? दोघांनी अशी तोंडं का केलीत?

(यंत्राची घरघर थांबते.)

धाकटा : वहिनी, म्हणजे त्या ओळी…

सून : तुम्ही बोलू नका, भाऊजी. मला नीट विचारू दे. आई, त्या ओळी दर दोन सरींच्या कडेला एक अशा होत्या ना? अगदी सारख्या अंतरावर?

सासूबाई : होत्या. म्हणून काय?

सून : माणसाच्या दुर्लक्षानं आलेला रोग अंतर मोजून येत नाही, आई. त्या ओळी ह्यांनी लावल्या होत्या. आजारी बेणं शोधून, विकत आणून, मुद्दाम. चाचणीतल्या प्रत्येक झाडाच्या शेजारी एक रोगट झाड, म्हणजे मावा इकडून तिकडे जाईल आणि सगळ्यांना सारखा रोग देईल. मग जे तगेल ते खरं.

सासूबाई : स्वतःच्या शेतात रोग पेरतं का कोणी?

सून : चाचणीत पेरतात. सगळीकडे पेरतात.

सासूबाई : माझ्या घरात नाही पेरत.

सून : म्हणूनच त्यांनी तुम्हाला पाऊल टाकू नका म्हणून सांगितलं होतं. तुम्हाला ते बघवलं नसतं. आणि तुमचा हात तुम्हाला विचारत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

सासूबाई : त्यानं मला नीट सांगायला हवं होतं.

सून : हवं होतं. मला वाटलं, सांगितलं असेल. त्यांना वाटलं असेल, हसून म्हटलं तरी पुरे. हंगाम मध्यावर यायच्या आतच ते गेले.

धाकटा : एक मिनिट, मला समजू दे. व्हायरस शेतातून आधीच काढून टाकला. मग मधली झाडं हिरवी राहिली, यात त्यांचं काही कर्तृत्वच नाही?

सून : परीक्षाच झाली नाही, भाऊजी. सगळे पास. मी परत आले तेव्हा कडेच्या ओळी रिकाम्या दिसल्या. मुकादमांना विचारलं. ते पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाले, ‘उन्हानं गेली असतील.’ मी पुढे विचारलं नाही. तेव्हा मला कोण कुठे गेलं हे विचारायची ताकदच नव्हती.

सासूबाई : मुकादमानं मला का नाही सांगितलं?

सून : तुम्ही त्यांच्या मेलेल्या मालकाच्या शेतात मातीत बसून रोज झाडं उपटत होतात. तोंडानं कोणाशी बोलत नव्हतात. त्यांची काय छाती!

धाकटा : पण बेणं वाढवलं ती तीन वर्षं? ते तर उघड्या शेतात होतं.

सून : तिथेही तीच काठी, तोच पदर. आई, तुमच्या डोळ्यांसमोर कुठलाही बटाटा निरोगीच राहतो. तो गुण बटाट्याचा नाही, तुमचा आहे. तुमचा हात मात्र पोत्यात भरून विकता येत नाही.

सासूबाई : तू मला बोलते आहेस की माझं कौतुक करते आहेस?

सून : मला खरंच सांगता येत नाही.

सासूबाई : ते काहीही असो. त्यानं हा वाण निवडला. टाकाऊतून उचलून शेतात लावला. त्याला काही तरी दिसलं असेल. तुझ्या पट्टीपलीकडचं काही तरी.

सून : आई, हे मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘गेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालू नकोस.’ म्हणून परत बोलले नाही. त्यांना चाचणीत एक असं झाड हवं होतं, की ज्याच्यात जनुक नाही हे नक्की ठाऊक आहे. त्याला रोग झाला की कळतं, रोग सगळ्यांपर्यंत पोचला. मग बाकीची वाचली ती जनुकामुळे वाचली. त्यासाठी त्यांनी टाकाऊचं खोकं चाळलं, आणि दिसायला बरा म्हणून सत्तेचाळीस घेतला.

धाकटा : म्हणजे दादानं तो…

सून : निवडला होता. आजारी पडण्यासाठी.

धाकटा : आई, पाणी आणू का?

सासूबाई : पाण्यानं काय होणार आहे? … त्या बाकीच्या जाती. ज्यांच्यात तुझी पट्टी होती. त्या कुठे आहेत?

सून : तुम्हाला माहीत आहे.

सासूबाई : मी विचारते आहे.

सून : बारा होत्या. खडबडीत सालीच्या, खोल डोळ्यांच्या, वेड्यावाकड्या. रानटी रक्त दिसत होतं त्यांच्या अंगावर. त्यातली निदान दोन-तीन पुढच्या संकरासाठी सोन्यासारखी होती. तुम्ही शीतगृहात आलात, एक हातात घेतली आणि म्हणालात, ‘हे असलं ध्यान माझ्या मुलाच्या नावावर नको.’ सत्तेचाळीसचं बेणं वाढवायला जागा हवी होती. बारांचे क्रेट बाहेर काढले. गुरांना गेले.

सासूबाई : आणि तू बघत उभी राहिलीस.

सून : राहिले. शेत सांगत होतं की त्या बारांत आणि सत्तेचाळीसमध्ये फरक नाही, मार्कर बिनकामाचा आहे. ज्या मार्करवर मी त्यांच्याबरोबर रात्रंदिवस काम केलं होतं, तो त्यांच्याच शेतानं खोटा ठरवला होता. माझी बाजू मलाच पटत नव्हती, तुमच्याशी कशी भांडणार?

सासूबाई : तू माहेरी गेली नसतीस तर हे झालं नसतं.

सून : तुम्हीच म्हणालात, ‘तुझं रडं माझ्या कानांवर नको, काही दिवस आईकडे जा.’ दारात गाडीसुद्धा तुम्हीच उभी केली होती.

सासूबाई : … म्हटलं होतं.

धाकटा : हे बघा. झालं ते झालं. ही गोष्ट ह्या खोलीत तिघांना माहीत आहे. मुकादम बोलणारा माणूस नाही. उद्याचा कार्यक्रम पार पडू दे. वहिनींनी बोलू नये, मी बोलतो. ‘प्रतिकारक’ म्हणत नाही, ‘निरोगी बेणं’ म्हणतो. ते तर खरंच आहे ना? आईच्या हातचं आहे. पुढे कोणाच्या शेतात मोझॅक आला, तर मावा जास्त होता म्हणू, फवारणी चुकली म्हणू. बाजारात असंच चालतं.

सासूबाई : ये जरा इकडे.

धाकटा : काय?

सासूबाई : जवळ ये. पोत्यावर काय छापलं आहेस?

धाकटा : दादाचं नाव.

सासूबाई : पहिल्या वर्षी पीक बरं येईल. दुसऱ्या वर्षी पानं मुरडतील. तिसऱ्या वर्षी माणूस बांधावर उभा राहून हातात मेलेलं झाड घेईल आणि शिवी देईल. कोणाच्या नावानं देईल?

धाकटा : … दादाच्या.

सासूबाई : गावोगाव. बाजाराबाजारांत. ‘अमक्याचा रोग लागला’ म्हणतील. माझ्या मुलाचं नाव रोगाला पडेल. तू विकशील ते?

धाकटा : मग नाव बदलू. वाण तोच ठेवू.

सासूबाई : तुला व्यापार शिकवला, तिथेच मी थांबायला नको होतं. आज शेडवर माणसं आहेत ना? पोती उसवायला लाव. सगळी. माल खायच्या बाजारात जाऊ दे, खाण्यात काही खोट नाही. बेणं म्हणून त्यातला एक डोळा कोणाच्या शेतात जाता कामा नये. आणि छापलेली पोती परत शेडमध्ये दिसली तर तुझी गाठ माझ्याशी आहे.

धाकटा : सगळी उसवायची? आई, लोक उद्या सकाळी येतील. त्यांना सांगायचं काय?

सासूबाई : ते मी सांगेन. माझ्या घरी माझ्या बोलावण्यावरून येतायत. तू जा.

धाकटा : वहिनी, तुम्ही तरी काही बोला.

सून : शिलाई उसवताना नावावरून कात्री घालू नका, भाऊजी. कडेनं उसवा.

धाकटा : … बरं.

सून : गेले. आई, उद्या तुम्ही लोकांना काय सांगणार?

सासूबाई : अजून ठरलं नाही. दोष तुझ्या यंत्राचा नव्हता, एवढं म्हणेन. त्याहून जास्त माझ्याच्यानं होईल असं तू धरू नकोस.

सून : मी काहीच धरलेलं नाही.

सासूबाई : त्या संकरातलं आता काहीच शिल्लक नाही?

सून : काहीच नाही. बारा तुम्ही काढल्यात, आणि ज्या बिनपट्टीच्या होत्या त्या त्याआधी मी टाकल्या. दोघींनी मिळून त्यांच्या हातचं सगळं संपवलं. एक उरलं होतं, ते ह्या कुंडीत आहे.

सासूबाई : मूळची दोन झाडं? ज्यांचा संकर केला ती?

सून : काचेच्या नळ्यांत आहेत. जिवंत आहेत.

सासूबाई : मग पुन्हा कर.

सून : दहा-बारा वर्षं लागतात, आई.

सासूबाई : किती लागतात ते मी विचारलेलं नाही.

सून : आणि मी करेन असं मीही म्हटलेलं नाही. तीन वर्षं मी स्वतःला वेडी समजत होते. माझं काम, माझे हात, माझे डोळे, कशावरच माझा विश्वास राहिला नव्हता. रोज इथे येऊन बसायचे आणि त्याला विचारायचे, ‘तू काय करून ठेवलंस? मला काय दिसत नाहीये?’ आणि तो तिथे काहीच करून गेला नव्हता. तुम्ही करून गेला होतात.

सासूबाई : ‘तो’ म्हणालीस.

सून : एकटीनं बोलताना तोच म्हणायचे. तुमच्यासमोर इतकी वर्षं ‘ह्यांनी’ म्हणत आले.

सासूबाई : म्हण. त्यालाही तेच आवडत असणार.

सून : एक विचारू? त्या ओळींच्या टोकाला पाटी होती. पांढऱ्या पत्र्यावर त्यानं स्वतः रंगवलेली. मी परत आले तेव्हा ती नव्हती. वाऱ्यानं गेली असेल असं मी समजले.

सासूबाई : वाऱ्यानं नाही गेली. मी काढून आणली. माझ्या कपाटात आहे, माझ्या कपड्यांखाली.

सून : तुम्ही आणलीत? मग तिच्यावर लिहिलेलं तर… आई, ‘ह्या ओळींतलं झाड उपटू नये,’ एवढं एकच वाक्य होतं तिच्यावर.

सासूबाई : असेल. त्याचं अक्षर होतं, एवढंच मला दिसलं. वाचलं नाही.